अमेरिकन चित्रपटांतील वर्णद्वेष आणि स्त्री

चित्रपटावरील व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. एक तर नटनटींच्या सुरस कथा ऐकावयास मिळतील, नाही तर चित्रपटांमुळे तरुण पिढी कशी बिघडत चालली आहे याबद्दल चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. या दोन्ही वाटा चांगल्या मळलेल्या आहेत आणि आमच्यावाचूनही त्यांवर वाटसरू पुष्कळ आहेत. आम्हांला येथे वेगळ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कातडीच्या रंगावरून माणसावर होणारा अन्याय आणि स्त्रीवर ती स्त्री आहे म्हणून होणारा अन्याय, हे दोन अन्याय चित्रपटाने पडद्यावर कसे दाखविले? दाखविले तेव्हा कोणाच्या डोळ्यांनी दाखविले? आणि ज्या बाईच्या वाट्याला हे दोन्ही अन्याय एकदम आले, ती त्या पडद्यावर कोठे उभी होती?

विषय अफाट आहे, म्हणून त्याला कुंपण घालून घेतो. आम्ही अमेरिकेपुरतेच बोलणार आहोत. चित्रपटाचा धंदा तेथे लवकर आणि प्रचंड प्रमाणावर वाढला, आणि त्याबद्दलचे वादही तेथे उघड्यावर, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत झाले. त्यामुळे पुरावा हाताशी आहे. शिवाय महाराष्ट्रातील वाचकाला या गोष्टीशी एक जुने नाते आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केलेला आहे. यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, १८७० साली कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या घटनेला वंदन केले, तीच घटना म्हणजे राष्ट्रावर कोसळलेली आपत्ती होय, असे सांगणारा एक चित्रपट पुढे बेचाळीस वर्षांनी अमेरिकेत निघाला, आणि तो त्या देशातील तोवरचा सर्वांत मोठा चित्रपट ठरला.

त्याचे नाव 'द बर्थ ऑफ ए नेशन', म्हणजे एका राष्ट्राचा जन्म. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, साल १९१५. मूळ कथा टॉमस डिक्सन या गृहस्थाच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीची. पाच-दहा सेंटांत छोटे मूकपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा सुमारे तीन तासांचा मूकपट होता, आणि त्याचे वरच्या वर्गाचे तिकीट दोन डॉलरपर्यंत गेले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अध्यक्ष विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला. चित्रपटातील मजकुराच्या पाट्यांमध्ये तर खुद्द विल्सन यांच्याच इतिहासग्रंथातील उतारे घातलेले आहेत. एवढी प्रतिष्ठा तोवर कोणत्याही चित्रपटाला मिळालेली नव्हती.

आता या प्रतिष्ठित चित्रपटात आहे काय? फ्लोरा नावाची एक कोवळी गोरी मुलगी जंगलात पाणी आणावयास जाते. गस नावाचा कृष्णवर्णीय शिपाई तिच्या मागे लागतो. ती पळते, कड्यावर चढते, आणि त्याच्या हाती लागण्यापेक्षा मरण बरे म्हणून खाली उडी घेते. मग बुरखे घातलेले कू क्लक्स क्लॅनचे स्वार गसला पकडतात, मारतात, आणि त्याचे प्रेत पुढाऱ्याच्या दारात टाकून देतात. शेवटी दुसऱ्या एका गोऱ्या मुलीला मिश्र रक्ताचा एक पुढारी बळजबरीने लग्नाला उभी करू पाहतो. इकडे तिची धडपड, तिकडे दौडत येणारे पांढरे स्वार. पुन्हा तिची किंकाळी, पुन्हा घोड्यांच्या टापा. दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवावयाच्या आणि प्रेक्षकाचा श्वास कोंडून धरावयाचा, ही युक्ती ग्रिफिथने एकट्याने शोधलेली नाही. परंतु तिचा इतका समर्थ उपयोग त्याच्या आधी कोणी केला नव्हता. आजही पळापळीचा कोणताही चित्रपट पाहा, त्याच्या पोटात हीच युक्ती सापडेल. म्हणूनच हा चित्रपट केवळ वाईट म्हणून बाजूला सारता येत नाही. कलेत तो निपुण आहे आणि त्या निपुणतेच्या जोरावर तो सुसंस्कृत प्रेक्षकाला खुनी झुंडीच्या बाजूने टाळ्या वाजवावयास लावतो.

यातली गंमत, तिला गंमत म्हणावे तर, अशी की गसचे काम करणारा नट गोरा होता. त्याने तोंडाला काळे फासले होते. मिश्र रक्ताचा पुढारीही गोराच. गोऱ्या नटीच्या अंगाला काळ्या नटाचा हात लागणे चित्रीकरणातसुद्धा नको होते. म्हणजे काळ्या माणसाविषयीची ही सारी भीती गोऱ्या माणसांनी आपापसांतच उभी केली, रंगविली आणि आपणच तिला घाबरले.

हा केवळ पडद्यावरचा खेळ राहिला नाही. एन. ए. ए. सी. पी. ही १९०९ साली स्थापन झालेली संस्था गावोगाव या चित्रपटाविरुद्ध उभी राहिली. काही ठिकाणी तो बंद झाला, बहुतेक ठिकाणी चालला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन येथे, कधीच मोडून पडलेल्या क्लॅनची पुन्हा स्थापना झाली आणि पुढे सभासद गोळा करण्यासाठी त्या संघटनेने हा चित्रपट कित्येक वर्षे वापरला. लिंचिंग, म्हणजे कोर्टकचेरीवाचून झुंडीने माणसाला फासावर लटकावणे किंवा जाळणे, हा प्रकार तर चालूच होता. याच संस्थेने १८८९ ते १९१८ या तीस वर्षांची मोजदाद प्रसिद्ध केली. तीत असे ३,२२४ बळी नोंदले गेले. त्यांपैकी २,५२२ कृष्णवर्णीय होते.

या कत्तलीचे समर्थन नेहमी एकाच शब्दात होत असे. गोऱ्या स्त्रीची अब्रू! फ्लोराचा कडा हा त्या शब्दाचाच पुतळा आहे. पण या शब्दाचा खोटेपणा एका कृष्णवर्णीय स्त्रीने चित्रपटाच्या जन्माआधीच उघडा केला होता. तिचे नाव आयडा बी. वेल्स. मेम्फिस शहरात ती वर्तमानपत्र चालवीत असे. १८९२ साली तेथील तीन कृष्णवर्णीय किराणा दुकानदारांना झुंडीने मारले. ते तिच्या ओळखीचे होते, आणि त्यांचा गुन्हा एवढाच होता की त्यांच्या दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. त्यानंतर वेल्सबाई प्रकरणामागून प्रकरण तपासू लागल्या. त्यांनी दाखविले की मारलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांवरच बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. मग तो खरा होता की खोटा, हे पुढचेच. अनेक ठिकाणी तर राजीखुशीच्या संबंधाला मागाहून बलात्कार म्हटले गेले होते. बाईंच्या छापखान्याची मोडतोड झाली आणि त्यांना ते शहर कायमचे सोडावे लागले. त्यांच्या लिखाणातला दुसरा मुद्दा आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. गोऱ्या स्त्रीच्या अब्रूसाठी माणसे जाळणाऱ्या याच समाजात गोऱ्या पुरुषांनी काळ्या स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराला मात्र शिक्षा नव्हती, आणि चर्चाही नव्हती.

ग्रिफिथच्या पडद्यावर ही दुसरी स्त्री नाही. तिला पडद्यावर आणले ते ऑस्कर मिशो या माणसाने. हा गृहस्थ मोठा विलक्षण होता. १८८४ सालचा जन्म. आगगाडीच्या शयनाच्या डब्यात हमाली केली, साउथ डाकोटात पडीक जमीन घेऊन शेती केली, त्या अनुभवावर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या दारोदार फिरून विकल्या. कादंबरीवर चित्रपट काढण्याची बोलणी फिसकटली तेव्हा शेतकरी आणि ओळखीपाळखीचे लोक यांच्याकडून भांडवल जमवून त्याने तो स्वतःच काढला. त्याचा दुसरा चित्रपट 'विदिन अवर गेट्स', अर्थात 'आमच्याच दारात', जानेवारी १९२० मध्ये शिकागोत लागला. आदल्या वर्षीच त्या शहरात मोठी वांशिक दंगल होऊन गेली होती. हा चित्रपट पाहून पुन्हा आग भडकेल म्हणून सेन्सॉर घाबरले, गोरे तसेच कित्येक काळे प्रतिष्ठित नागरिकही घाबरले, आणि गावोगाव त्याला कात्री लागली.

कथा सिल्व्हिया लँड्री या शिक्षिकेची आहे. दक्षिणेतील गरीब काळ्या मुलांची एक शाळा पैशावाचून बंद पडते आहे. तिच्यासाठी वर्गणी जमवावयास ती उत्तरेला बॉस्टनला जाते. तेथे एक श्रीमंत गोरी बाई मदत देण्याच्या विचारात असते. तिला दक्षिणेकडची तिची मैत्रीण सल्ला देते की या लोकांना शिक्षण कशाला. त्यांच्या अमुक एका धर्मोपदेशकाला शंभर डॉलर दे, तो त्यांना स्वर्गाची वाट दाखवील आणि जागच्या जागी ठेवील. हा धर्मोपदेशक मिशोने मोठ्या धैर्याने रंगविला आहे. गोऱ्या धन्यांसमोर तो दात काढतो, लाथ खाऊनही हसतो. दार लागल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरतो आणि आपण आपल्या माणसांना विकले हे तो स्वतःशी कबूल करतो. आपल्याच समाजातील लाचाराचे असे चित्र काढणे हे परक्याला शिव्या देण्यापेक्षा अवघड असते.

चित्रपटाचा गाभा त्याच्या शेवटच्या भागात आहे. सिल्व्हियाचे पूर्वायुष्य तेथे कळते. तिला वाढविणारा लँड्री हा खंडाने शेत कसणारा कूळ. मुलगी शिकलेली, म्हणून ती बापाचा हिशोब ठेवते. तो हिशोब घेऊन लँड्री जमीनदाराकडे जातो. त्याच वेळी जमीनदाराने नाडलेला एक गरीब गोरा खिडकीतून गोळी झाडून त्याला ठार करतो. आळ लँड्रीवर येतो. झुंड जमते. मिशोने झुंडीत नुसते दारुडे गुंड दाखविलेले नाहीत. बायका आहेत, पोरे आहेत, जत्रेला निघावे तशी मंडळी निघाली आहे. लँड्री आणि त्याची बायको यांना ती फासावर चढविते. आणि त्याच वेळी, घरात एकटी सापडलेल्या सिल्व्हियावर मृत जमीनदाराचा भाऊ झडप घालतो. इकडे दोर, तिकडे तिची झटापट. पुन्हा पेटलेली होळी, पुन्हा तो हात. पाच वर्षांपूर्वी ग्रिफिथने वापरलेली युक्ती मिशोने जशीच्या तशी उचलली आहे. फरक एवढाच की येथे वाचवावयास कोणी स्वार येत नाहीत. स्वार होते ते तिच्या आईबापांना जाळण्यात गुंतले आहेत.

झटापटीत त्या माणसाला तिच्या छातीवरचा एक व्रण दिसतो आणि तो जागच्या जागी थिजतो. ही त्याचीच मुलगी असते. पिढ्यान्‌पिढ्या जे घडले आणि ज्याविषयी बोलावयाचे नाही असे ठरलेले होते, ते एका व्रणात आले. हा योगायोग नाटकी आहे, हे आम्हीही मान्य करतो. चित्रपटाचा शेवटही साधाच पडतो. एक डॉक्टर तिला देशभक्तीचा उपदेश करतो आणि लग्न लागते. पण मधली ती दहा-पंधरा मिनिटे पाहिल्यावर शेवटाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

हा चित्रपट पुढे हरवला. मिशोचे बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले. याची एकुलती एक प्रत १९७० नंतरच्या दशकात स्पेनच्या चित्रसंग्रहालयात 'ला नेग्रा' या नावाने सापडली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९३ साली ती दुरुस्त करून घेतली. पाट्यांवरील बराचसा मजकूर स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणावा लागला. ग्रिफिथची रिळे मात्र सर्वत्र सुरक्षित होती.

बोलपट आले आणि काळ्या स्त्रीला हॉलिवुडने एक कायमची जागा दिली. ती जागा स्वयंपाकघरात होती. लठ्ठ, प्रेमळ, तोंडाळ, डोक्याला फडके बांधलेली 'मॅमी' धन्याची मुले वाढविते. तिला स्वतःची मुले असलीच तर ती पडद्यावर येत नाहीत. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधील मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनिएल हिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिचे आईबाप दोघेही एके काळचे गुलाम. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे चित्रपटाचा भव्य पहिला खेळ झाला, त्याला तिला जाता आले नाही. जॉर्जियात तेव्हा कायद्यानेच काळ्या-गोऱ्यांची पंगत वेगळी होती. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात पारितोषिक समारंभ झाला, तेथेही काळ्यांना प्रवेश नव्हता. खास परवानगी काढून तिला भिंतीकडेच्या एका वेगळ्या टेबलावर बसविले. त्या टेबलापासून उठून ती व्यासपीठापर्यंत गेली, डोळे पुसत चार वाक्ये बोलली आणि परत तेथेच येऊन बसली. तिच्या जातभाईंनी तिच्यावर टीका केली की तू आयुष्यभर मोलकरणीच वठविल्यास. पडद्यावर मोलकरीण झाले नाही तर खरोखरीची मोलकरीण व्हावे लागेल, अशा अर्थाचे उत्तर तिच्या नावावर सांगितले जाते. उत्तर तिचे असो वा नसो, हिशोब खरा होता. यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला अभिनयाचे ऑस्कर मिळावयास १९९१ साल उजाडावे लागले.

या सगळ्याला लेखी नियमाचाही आधार होता. हॉलिवुडच्या निर्मात्यांनी १९३० साली एक आचारसंहिता केली आणि १९३४ पासून ती कडकपणे अंमलात आली. तिच्यात चुंबन किती वेळ, पेय कोणते, शिवी कोणती यांबरोबरच एक कलम असे होते, की काळ्या आणि गोऱ्या वंशांतील स्त्रीपुरुषसंबंध पडद्यावर दाखवावयाचा नाही. हे कलम १९५६ पर्यंत टिकले. त्याचा वार काळ्यांपुरता राहिला नाही. पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या चिनी शेतकऱ्याच्या कादंबरीवर १९३७ साली चित्रपट निघाला. अमेरिकेत जन्मलेली चिनी वंशाची नामांकित नटी ॲना मे वाँग नायिकेच्या भूमिकेसाठी सर्वस्वी योग्य होती. परंतु नायकाचे, म्हणजे चिनी शेतकऱ्याचे काम एका गोऱ्या नटाला दिलेले. मग त्याची बायको चिनी कशी चालेल? ते काम एका युरोपियन नटीला मिळाले आणि तिला ऑस्करही मिळाले. वाँगबाईंना नायकाला नादी लावणाऱ्या रखेलीची भूमिका देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली.

आणि येथे मुंबईचा संबंध येतो. 'वुदरिंग हाइट्स' (१९३९) मधील देखणी नायिका मर्ल ओबेरॉन ही १९११ साली मुंबईत जन्मली. रक्त मिश्र, आईकडून सिंहली. 'द डार्क एंजल' (१९३५) साठी तिचे नाव ऑस्करच्या यादीत लागले, तेव्हा जगाला सांगितलेले होते ते हे, की ती टास्मानिया बेटावरील गोऱ्या घरची मुलगी. जिने तिला वाढविले ती सावळी बाई तिच्याबरोबर राहत असे. पाहुण्यांना ती नोकराणी म्हणून सांगितली जाई. ओबेरॉनबाई १९७९ मध्ये वारल्या तोवर त्यांनी हे सोंग सोडले नाही, खरी हकीकत नंतर उजेडात आली. आमच्याकडे काही रसिक अजूनही मुंबईच्या मुलीने हॉलिवुड जिंकले म्हणून ही गोष्ट अभिमानाने सांगतात. आम्हांला त्या घरात चहा घेऊन येणाऱ्या बाईची आठवण होते.

हीच कथा एका चित्रपटात जवळजवळ तशीच आहे, आणि तो चित्रपट दोनदा निघाला. फॅनी हर्स्टच्या कादंबरीवरून 'इमिटेशन ऑफ लाइफ', म्हणजे जगण्याची नक्कल. पहिला १९३४ चा. एक गोरी विधवा आणि एक काळी विधवा, दोघींच्या एकेक मुली, एकत्र संसार. काळ्या डेलायलाची धिरड्यांची पाककृती घेऊन गोरी बाई कारखाना काढते आणि लक्षाधीश होते. वीस टक्के भागी देऊ केली असता डेलायला ती नको म्हणते. तुमच्या पायाशी राहू द्या, एवढेच तिचे मागणे. पाककृती तिची, डब्यावर चित्रही तिचेच, आणि राहावयास तळमजला! चित्रपट हे सर्व गोड मानून चालतो. पण तिची गोऱ्या कांतीची मुलगी पिओला ते मानीत नाही. ती गोरी म्हणून खपते, आईला ओळख दाखवीत नाही. हे काम करणारी फ्रेडी वॉशिंग्टन स्वतः इतकी गौर होती की तिला गोरी नटी म्हणून सहज मिरविता आले असते. तिने ते कधीही केले नाही. उलट १९३७ साली कृष्णवर्णीय नटांचा संघ स्थापण्यात पुढाकार घेतला. पडद्यावर एक आणि जन्मात नेमके उलट.

१९५९ साली डग्लस सर्क या जर्मनीतून आलेल्या दिग्दर्शकाने तीच कथा पुन्हा केली. वरवर पाहता हा चित्रपट भरजरी रडका आहे. लॅना टर्नर या तारकेचे दागिने आणि झगे यांची जाहिरात करूनच तो चालविला गेला. आम्ही मात्र पहिल्यापेक्षा यालाच वरचढ मानतो. एक साधा प्रसंग पाहा. मोलकरीण ॲनी सहज म्हणते की आपल्या ओळखीची माणसे पुष्कळ आहेत. इतकी वर्षे एका घरात राहिलेली मालकीण चकित होते. हिलाही मित्रमंडळी असतील हे तिच्या कधी ध्यानातच आलेले नसते. ॲनी शांतपणे सांगते, बाईसाहेब, आपण कधी विचारलेच नाही. ही मालकीण दुष्ट नाही. ती दयाळू आहे, प्रेमळ आहे, आणि आंधळी आहे. आमच्या मते पडद्यावरील सर्व जुलमी धन्यांपेक्षा ही बाई प्रेक्षकाला अधिक ओळखीची वाटावी. पुढे ॲनीची मुलगी सेरा जेन गोऱ्या मित्राला भेटावयास जाते. त्याला तिच्या आईविषयी कळलेले असते. एका काचेच्या दुकानासमोर तो तिला मारतो, गटारात पडेपर्यंत मारतो. वर्णद्वेषाचा तडाखा आणि पुरुषाचा तडाखा येथे एकाच हाताचे आहेत. कोणता कोठे संपतो हे सांगता येत नाही. शेवटी ॲनीची अंत्ययात्रा निघते, चार पांढरे घोडे, वाद्ये, रस्ताभर माणसे, आणि मालकिणीने कधीच न पाहिलेला तिचा सगळा समाज पडद्यावर लोटतो.

नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात निघालेला 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) पुष्कळांनी पाहिलेला आहे. त्याची विशेष थोरवी आम्ही येथे वर्णीत बसत नाही. त्यात ग्रिफिथची फ्लोरा उलटी करून ठेवली आहे, एवढे लक्षात घ्यावे: आरोप करणारी गोरी मुलगी मेयेला ही बापाच्या मारहाणीने पिचलेली, आणि त्या बापाच्या धाकानेच ती निरपराध काळ्या माणसावर खोटा आळ घेते. स्त्रीच्या अब्रूचे निशाण हाती धरणाऱ्यांनीच त्या स्त्रीची काय दशा केली होती, ते न्यायालयाच्या पिंजऱ्यात दिसते. पण घरातील काळी स्वयंपाकीण या चित्रपटातही जेमतेम चार वाक्ये बोलते.

ती बोलू लागली १९८५ साली, 'द कलर पर्पल' मध्ये. ॲलिस वॉकर यांच्या कादंबरीला १९८३ चे पुलित्झर मिळाले होते. स्टीव्हन स्पीलबर्गने चित्रपट केला. येथे सीली या काळ्या मुलीला छळणारे पुरुष काळेच आहेत, तिचा बाप म्हणविणारा आणि मग नवरा. त्यामुळे मोठे वादळ उठले. गोऱ्यांनी आधीच आमच्या पुरुषांना पशू म्हणून रंगविले आहे, त्यात तुम्ही भर घालता, असा आक्षेप कृष्णवर्णीय संघटनांनी घेतला, आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. गसचे भूत त्यांच्या डोळ्यांपुढे होते. परंतु मग घरातला मार खाणाऱ्या बाईने तो सांगावयाचा कधी आणि कोणाला? समाजाची बदनामी होईल म्हणून गप्प बस, हे तिला दोन्हीकडून ऐकावे लागते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' वाचलेल्या मराठी वाचकाला हा पेच निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

या चित्रपटातील सोफियाची हकीकत सर्वांत बोलकी आहे. नगराध्यक्षाची बायको तिला मोलकरीण हो म्हणते. सोफिया साफ नकार देते. नगराध्यक्ष थोबाडीत मारतो, ती उलट ठोसा देते. त्यापायी कित्येक वर्षांचा तुरुंग होतो, आणि सुटल्यावर त्याच बाईची मोलकरीण व्हावे लागते. एका नाताळात बाई उदारपणे तिला मोटारीतून तिच्या मुलांना भेटवावयास आणते, दिवसभर राहा म्हणते. पण बाईला मोटार मागे घेता येत नाही. मदतीला धावलेल्या काळ्या पुरुषांना पाहून ती घाबरून किंचाळू लागते, आणि सोफियाला काही मिनिटांतच घेऊन परत निघते. ग्रिफिथने पेरलेली भीती सत्तर वर्षांनी हास्यास्पद होऊन पडद्यावर आली. आणि तरीही आईची मुलांपासून ताटातूट झालीच. चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकने होती. पारितोषिक एकही मिळाले नाही.

हे सर्व चित्रपट पुरुषांनी दिग्दर्शित केलेले आहेत, आणि मिशो सोडला तर गोऱ्या पुरुषांनी. कॅमेरा कोणाच्या हाती, हा प्रश्न केवळ मानाचा नाही. तो फिल्मच्या रसायनापर्यंत जातो. रंगीत छायाचित्रांचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांतून एका गोऱ्या तरुणीच्या चित्राचा नमुना वापरीत; त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती नीट उमटली की फिल्म ठीक. काळा चेहरा त्या फिल्मवर सपाट होई, डोळे आणि दात तेवढे चमकत. आणि प्रेक्षक समजे की ही माणसे दिसतातच अशी. ज्यूली डॅश या बाईंनी 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) करताना नेहमीची फिल्म सोडून दुसऱ्या कंपनीची फिल्म निवडली, ती याचसाठी. अमेरिकेतील चित्रपटगृहांत सर्वत्र प्रदर्शित झालेला, कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

साल १९०२, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना यांच्या किनाऱ्यावरील बेटे. गुलामांचे वंशज असलेले एक कुटुंब उद्या बेट सोडून उत्तरेला जाणार, आणि आजचा दिवस निरोपाचा. घरातल्या यूला या सुनेवर एका गोऱ्या पुरुषाने बलात्कार केलेला आहे आणि ती गरोदर आहे. मिशोची सिल्व्हिया आठवावी. पण येथे झटापट नाही, तो पुरुष पडद्यावर येत नाही, त्याचे नावही यूला सांगत नाही. सांगितले तर नवरा सूड घ्यावयास जाईल आणि झाडाला लटकेल, हे तिला माहीत आहे. मूल कोणाचे म्हणून नवरा जळतो आहे. आणि गोष्ट सांगते आहे ती अजून न जन्मलेली मुलगी. शहरात राहून आलेल्या एका नातेवाईक बाईला बाकीच्या बायका बाटलेली म्हणून नाके मुरडतात, तेव्हा यूला ताडकन उठून त्यांना विचारते, की आपल्या आयांपैकी, आज्यांपैकी बाटविली गेली नाही अशी कोण आहे? त्या वेळी कॅमेरा एकेका बाईच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि प्रत्येक चेहऱ्याचा काळा रंग वेगळा दिसतो. कुटुंबाची म्हातारी नाना हिच्या हातांवर निळीचे डाग आहेत, गुलामगिरीतल्या निळीच्या हौदांचे. निळीचे डाग इतकी वर्षे टिकत नाहीत हे डॅशबाईंना ठाऊक होते. त्यांनी ते मुद्दाम ठेवले.

सनडान्स येथील महोत्सवात या चित्रपटाला छायालेखनाचे पारितोषिक मिळाले, २००४ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहाच्या यादीत गेला, आणि २०१६ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आला. मधल्या पंचवीस वर्षांत डॅशबाईंचे काम मुख्यतः दूरचित्रवाणीसाठीच झाले. ज्यांना तो मिळेल त्यांनी अवश्य पाहावा. पहिली वीस मिनिटे त्या बेटांवरील गला बोली ध्यानात येत नाही म्हणून उठून जाऊ नये; ती अमेरिकन प्रेक्षकालाही पटकन कळत नाही.